पाणी येता मां?

आमच्या आबाकाकांच्या बोटीवर आजवर काहीही घडलेलं नाही. व्यक्तिचित्र लिहायला बसलेल्या माणसाची याहून मोठी अडचण नसेल. देवबागला कुणाच्याही पडवीत जाऊन बसा. प्रत्येकाच्या गाठीला निदान एक वादळ, एक फाटलेलं जाळं आणि भर दर्यात बंद पडलेलं एक इंजिन असतंच. काकांकडे यातलं काही नाही. ते सकाळी जातात आणि संध्याकाळी येतात. मध्ये काय झालं असं विचारलं तर म्हणतात, “काय होतला?”

माझ्या मावशीचे यजमान म्हणून मी त्यांना काका म्हणतो. गाव त्यांना आबा म्हणतं. पण वाडीत आबा पाच-सहा आहेत, म्हणून ओळख पटवायला यांना ‘रबरवालो आबा’ म्हणतात. हे बिरुद त्यांना ठाऊक आहे आणि आवडतं. आपल्याला ‘मास्तर’ म्हटलेलं मास्तरांना आवडतं, तसं.

हे रबर म्हणजे इंपेलर. बोटीच्या मागं लटकवतात ते इंजिन, आमच्याकडे त्याला ‘ओबीएम’ म्हणतात, समुद्राचंच पाणी पिऊन थंड राहतं. गाडीसारखा रेडिएटर त्याला नसतो. इंजिनाचा पाय पाण्यात असतो आणि त्या पायात, गिअरच्या वरच्या अंगाला, एक वाटी असते. वाटीत सहा पाकळ्यांचं रबराचं फूल. गंमत अशी की वाटी फुलाच्या मधोमध नसते, मुद्दाम जराशी एका बाजूला सरकवलेली असते. त्यामुळे फिरताना पाकळ्या एकीकडे दुमडतात, दुसरीकडे उलगडतात. उलगडताना पाणी ओढून घेतात, दुमडताना वर ढकलतात. ते पाणी इंजिनाच्या अंगभर फिरून खाली परत जातं, आणि त्यातलं घोटभर मागच्या एका बारक्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर उडत राहतं. ही धार दिसली की समजायचं, आत सगळं कुशल आहे.

काकांचं अवघं आयुष्य या धारेकडे बघण्यात गेलं. सुनामी बेटाकडे पर्यटक घेऊन जाताना सगळे डॉल्फिन शोधत पुढे बघत असतात. काका दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघतात. डॉल्फिन उडाला की बोटीवर एकच गिल्ला होतो. त्या गिल्ल्यातही एक आवाज शांतपणे मागच्या खलाशाला विचारत असतो, “पाणी येता मां?”

हा प्रश्न ते फक्त स्वतःच्या खलाशाला विचारत नाहीत. शेजारून जाणाऱ्या प्रत्येक बोटीला विचारतात. धक्क्याला लागलेल्या, ओळखदेख नसलेल्या बोटीच्या मागं जाऊन वाकून बघतात आणि मग मालकाकडे अशा नजरेनं पाहतात की त्याला उगीचच अपराधी वाटतं. “धार बारीक पडता हा,” असं ते ज्या सुरात सांगतात, तो सूर मी फक्त डॉक्टरांच्या तोंडी ऐकला आहे. एकदा तर ते हातातली पिशवी खाली ठेवून एका परक्या बोटीच्या धारेखाली बोट धरून उभे राहिले. पाणी कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर इंजिनाला ताप. मालक खाली उतरून म्हणाला, “आबा, माझी नाडी पण बघा.” काकांनी त्याची नाडी बघितली नाही, पण विचारलं, “रबर कधी बदललेलां?”

रबर कधी बदललं, हे काकांच्या लेखी माणसाच्या जन्मतारखेइतकं महत्त्वाचं. स्वतःच्या इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या अंगाला त्यांनी पक्क्या शाईच्या पेनानं तारखा लिहून ठेवल्या आहेत, एकाखाली एक, देवळात देणगीदारांची नावं असतात तशा. तीच तारीख घरी कालनिर्णयवरही पडते. त्याच चौकोनात मावशी दुधाचा हिशोब लिहिते. त्यामुळे आमच्या घरच्या कॅलेंडरात ‘दूध नाही. रबर.’ असा मजकूर वाचायला मिळतो. त्या दिवशी घरी चहा कसला केला होता, असं एका पाहुण्यानं विचारल्याचं मावशी अजून सांगते.

काका रबर वर्षातून एकदा बदलतात. खराब झालं म्हणून नव्हे, वर्ष झालं म्हणून. मे महिन्याच्या अखेरीला समुद्र खवळू लागतो, पर्यटक परततात, बोटी ओढून माडाखाली येतात, त्यांच्यावर झाप पडतात. पावसाळाभर इंजिन पडवीत लाकडी घोड्यावर उभं असतं. मग श्रावणात एक दिवस काका रबर काढतात. चतुर्थीच्या आधी घराला रंग आणि इंजिनाला रबर, असा त्यांचा शिरस्ता.

मी एकदा त्यांना माझ्या स्वभावाप्रमाणे म्हटलं, “काका, तीन महिने तर इंजिन नुसतं उभं होतं. झिजलं कुठे? चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?” मी त्या दुसऱ्या जातीचा आहे. आमच्या घरचा गिझर पाण्याऐवजी वाफा सोडू लागला, तेव्हा आम्ही त्याच्याकडे पाहिलं.

काकांनी जुनं रबर काढून माझ्या हातावर ठेवलं. फुलाच्या तीन पाकळ्या ताठ, तीन एकाच बाजूला वाकलेल्या. एका कुशीवर झोपून मान आखडलेल्या माणसासारखं ते दिसत होतं. “ह्या बघ,” ते म्हणाले, “वापरलां तर झिजता, ठेवलां तर आखडता.” मग प्रत्येक पाकळी अंगठ्यानं मागे वाकवून तिच्या मुळाशी चीर पडली आहे का, ते बघू लागले. ज्योतिषी तळहात बघतो तसं. चौथ्या पाकळीशी थबकले. मुळाशी केसाएवढी रेघ होती. ती रेघ पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी मुलाच्या लग्नातही त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मावशीला हाक मारून त्यांनी ती दाखवली. मावशी हातातली खोवलेल्या नारळाची वाटी घेऊन आली, रेघ बघितली, “बरां झालां वेळेर दिसली,” म्हणाली आणि निघून गेली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं हे वाक्य पाठ केलेलं आहे.

रबर बदलायचा दिवस हा आमच्या घरी सत्यनारायणाच्या तोडीचा असतो. सकाळी अंगण झाडून घेतात. इंजिनाच्या पायाखाली जुनं पांढरं धोतर पसरतात. त्याच्यावर पाने, पकड, लाकडी हातोडा ओळीनं मांडतात. खाऱ्या पाण्यानं गच्च धरलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच तेल पाजलेलं असतं. मग पाय खाली उतरतो, लांबलचक शाफ्ट उघडी पडते, वाटीचे चार बोल्ट सुटतात आणि रबर वर येतं. इथे कुणी बोलायचं नाही. कारण रबराच्या मागे, शाफ्टच्या खाचेत, नखाएवढी चंद्रकोरीच्या आकाराची पोलादी चावी असते. तिच्यामुळे शाफ्टबरोबर रबर फिरतं. ती नसेल तर शाफ्ट एकटीच गरगरणार आणि रबर जागच्या जागी बसून राहणार.

पांढरं धोतर या चावीसाठीच. ही अक्कल एका वर्षी महागात घेतलेली आहे. त्या वर्षी धोतर नव्हतं, अंगणात वाळू होती, आणि चावी उडाली. सगळी वाडी चावी शोधायला लागली. एकानं लोहचुंबक आणलं. चुंबकाला काळ्या वाळूची दाढी फुटली, दोन खिळे आणि एक केसातली पिन सापडली, पण चावी नाही. ती स्टेनलेसची, चुंबकाला दाद न देणारी निघाली असावी. दुपारपर्यंत अंगणाची चाळण झाली. कोंबड्यांवरही संशय गेला. संध्याकाळी काका आंघोळीला गेले, तेव्हा लुंगीच्या ओच्यातून चावी टण्‌कन न्हाणीच्या फरशीवर पडली. आतून आरोळी आली. बाहेर बारा माणसं टाळ्या वाजवू लागली. आबांनी आंघोळ केली म्हणून टाळ्या पडतायत, असा शेजारच्या पाहुण्यांचा समज झाला तो झालाच.

नवं रबर काढायचं ते तांदळाच्या पिंपातून. रबराला ऊन नको, उष्णता नको, म्हणून काका उकड्या तांदळात ते पुरून ठेवतात. एक चालू वर्षाचं, एक पुढच्या वर्षाचं, आणि एक ‘कोणाक तरी अडचणीक’ म्हणून. पेजेला तांदूळ काढताना मापट्यात रबर येणं हे मावशीच्या घरी नवलाचं नाही. नवीन सुनेला मात्र कुणी सांगून ठेवलं नव्हतं. तिनं ते पहिल्यांदा बघितलं आणि मापटं टाकून बाहेर पळत आली.

रबर वाटीत बसवताना त्याला काहीतरी बुळबुळीत लावावं लागतं, नाहीतर पहिल्या फेऱ्यातच कोरडं घासतं. पाणी हेच त्याचं वंगण. कोरडं अर्धा-एक मिनिट फिरलं तरी पाकळ्या भाजून निघतात. साधं ग्रीस लावायचं नाही, त्यानं रबर फुगतं. म्हणून काका ग्लिसरीन लावतात. ते आणायला औषधाच्या दुकानात जातात. दुकानदार दर वर्षी काळजीनं विचारतो, “तोंड आलां काय आबा?” आणि काका दर वर्षी तितक्याच गंभीरपणे सांगतात, “माका नाय. इंजिनाक.” ग्लिसरीन संपलं असेल तर भांडी घासायचा साबण. तोही मावशीचा, तिला न विचारता. मग सगळ्या पाकळ्या एकाच दिशेला, इंजिन फिरतं त्या दिशेला, वळवत वळवत रबर आत सरकवायचं. मी एकदा हौसेनं हात घातला आणि दोन पाकळ्या उलट्या वळवल्या. काका काही बोलले नाहीत. फक्त माझा हात धरून बाजूला ठेवला, पाना ठेवावा तसा.

सगळं बसलं की इंजिनाचा पाय पाण्यानं भरलेल्या पिंपात सोडायचा. आणि मग, दोरी ओढण्याआधी, गाऱ्हाणं. काका पूर्वेला तोंड करून हात जोडतात. “बा देवा म्हाराजा! आज ह्या इंजिनाक नवा रबर घातलेला आसा, ता वर्षभर सांभाळ. वाळूत गेला तर वाळवेपासून, पिशवेत गेला तर पिशवेपासून राखण कर. आणि जो कोण मेलो उथळ पाण्यात इंजिन चालू करता, तेका सुबुद्धी दी, म्हाराजा!” आम्ही सगळे पडवीतून ओरडतो, “व्हय म्हाराजा!”

शेवटची मागणी नेमकी कुणासाठी आहे, हे वाडीला ठाऊक असतं. देवबागच्या संगमावर कर्ली समुद्राला मिळते. तिथे ओहोटीला हातभर पाणी आणि खाली वाळू. त्यात इंजिन चालवलं की पंप पाण्याबरोबर वाळू पितो, आणि ती वाळू पाकळ्यांच्या कडा आणि वाटीची आतली बाजू खरवडून काढते. प्लास्टिकची पिशवी पाण्याच्या तोंडाशी चिकटली तर पंप कोरडाच. म्हणून पर्यटकाच्या हातून वेफर्सची रिकामी पिशवी पाण्यात पडली की काका बोट वळवून ती उचलून आणतात. लोकांना वाटतं, पर्यावरणप्रेमी माणूस. आहेतच, पण त्यांच्या पर्यावरणाची सुरुवात रबरापासून होते.

एका वर्षी मात्र गाऱ्हाणं झालं, दोरी ओढली, इंजिन सुरू झालं आणि धार आली नाही. काकांनी इंजिन झटकन बंद केलं. अंगणात सुतक पडलं. पुन्हा पाय उतरवला. रबर बरोबर, चावी बरोबर, पाकळ्या बरोबर. पुन्हा बसवलं. धार नाही. पाणी वर नेणारी नळी नीट बसली नसेल म्हणून तिसऱ्यांदा उतरवला. धार नाही. काकांना घाम फुटला. मुंबईहून आलेला मुलगा मोबाइलवर काही शोधू लागला. तेवढ्यात मावशी आली. तिनं एकदा इंजिनाकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या झाडणीतला एक हीर उपसला आणि मागच्या बारीक भोकात घातला. आतून सुक्या चिखलाची गोळी निघाली. कुंभारीण माशीनं पावसाळ्यात भोकात घर बांधलं होतं. “घाला आता चालू,” मावशी म्हणाली. धार आली ती थेट वाकून बघणाऱ्या काकांच्या तोंडावर.

तेव्हापासून काकांच्या इंजिनाला एक हीर दोऱ्यानं बांधलेला असतो. नवीन माणसाला ते ठासून सांगतात की धार दिसली नाही तर आधी हीर घालून बघायचा, मग पान्याला हात लावायचा. हा शोध कुणाचा, हे सांगत नाहीत. मावशी स्वयंपाकघरातून खोकते.

जगातल्या कुठल्याही गोष्टीतून काका रबरापाशी येतात. नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालून २०१८ च्या मे महिन्यात गोव्याला परतल्या, तेव्हा घरातले सगळे बातम्यांसमोर भारावून बसले होते. २५४ दिवसांची मोहीम, केप हॉर्नचा खवळलेला समुद्र. काकांचेही डोळे पाणावले होते. मग ते हळूच म्हणाले, “शिडाची होडी खरी, पण बंदरात शिरताना इंजिन लागताच मां? सुटे रबर किती नेल्यानी असतले?” मला त्या वेळी हसू आलं. आता वाटतं, त्या बोटीवरच्या अधिकाऱ्यांना हा प्रश्न मुळीच हास्यास्पद वाटला नसता.

सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दलही त्यांचा स्वतःचा सिद्धान्त आहे. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला. चारी बाजूंना खारट पाणी, आणि आत दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. गाइड पर्यटकांना हा चमत्कार म्हणून दाखवतो. काकांना चमत्कार मान्य नाही. “चमत्कार कसलो? म्हाराजांनी पयलो प्रश्न तोच इचारल्यानी असतलो,” ते म्हणतात. कुठला प्रश्न, हे पर्यटकांना कळत नाही. खलाशी पाठ करून हसू दाबतो.

गावात काकांचा खरा प्रतिस्पर्धी एक शेजारी आहे. त्याचं नाव कशाला घ्या. माझ्याच जातीचा माणूस. त्याच्या बोटीवर सगळं घडतं. त्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा असा : एके वर्षी अंधार पडताना, किनाऱ्यापासून लांब, भोंगा वाजू लागला आणि इंजिन तापून बंद पडलं. वारा वाढलेला, बोट खडकांकडे चाललेली, नांगर धरत नाही, बोटीवर चार माणसं. पंपाच्या पाकळ्या तुटून वर पाण्याच्या वाटेत जाऊन अडकल्या होत्या, पण ते नंतर कळलं. काही शे रुपयांच्या रबरापायी काही लाखांचं इंजिन गेलं. शेजारी हा किस्सा इतका सुंदर सांगतो की दर चतुर्थीला, भजन आटपून उसळ-पाव झाला की, पडवीत त्याची फर्माईश होते. वारा कसा शिट्टी घालत होता, ते तो शिट्टी घालून दाखवतो. देवाचा धावा करताना त्याचा आवाज अजून कापरा होतो. पोरं श्वास रोखून बसतात. आणि शेवटी एक वाक्य येतं, “मगे मागसून आबाची बोट इली, दोरी टाकल्यान, आणि आमी घराक इलाव.”

इतकंच. चाळीस मिनिटांच्या किश्श्यात आबाच्या वाट्याला एक ओळ. मी एकदा काकांना विचारलं, “त्या रात्री तुम्ही कसे गेलात, काय झालं, ते तुम्ही का नाही सांगत?” काका विचारात पडले. खरोखर आठवून बघत होते. मग म्हणाले, “गेलंय, दोरी टाकलंय, आणलंय. धार बरी होती.” पुन्हा थोड्या वेळानं, जरा ओशाळून, “तेच्यात सांगण्यासारख्या काय आसा?”

मला त्या दिवशी कळलं की वेळेआधी बदलणाऱ्या माणसांच्या वाट्याला गोष्टी येत नाहीत. गोष्टी लागतात आमच्यासारख्यांना. यांच्या वाट्याला येतं ते फक्त न घडलेलं, आणि न घडलेल्याची फर्माईश पडवीत कोण करणार? स्टेशनवर दोन तास आधी जाऊन बसणारे, गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला ठेवणारे, छत्री नेली म्हणून पाऊस न पडलेले, असे सगळे या घराण्यातले. आपण त्यांना हसतो, आणि अडलो की त्यांच्याच तांदळाच्या पिंपात हात घालतो.

शेजाऱ्याला नवं इंजिन आलं तेव्हा काकांनी त्याला पिंपातलं तिसरं रबर नेऊन दिलं. ‘कोणाक तरी अडचणीक’ म्हणून ठेवलेलं. शेजाऱ्यानं ते कुठे ठेवलं, ते त्याला आता आठवत नाही.

मागच्या चतुर्थीनंतर काका मला कुडाळला गाडीवर सोडायला आले. कोकणकन्येला अवकाश होता, म्हणजे नेहमीप्रमाणे दोन तास. आम्ही बाकावर बसलो. मुलगा आता त्यांना म्हणतो की पुरे झालं, बोट द्या कुणाला तरी, घरी बसा. “मगे तुम्ही काय म्हणालात?” मी मालवणी मिसळून विचारलं. काकांनी गुडघे चोळले. “ठेवलां तर आखडता,” ते म्हणाले, आणि रुळांच्या पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर वाहणाऱ्या नळाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला पोचून चहा घेतो न घेतो तोच फोन.

“पोचलंस मां?”

“पोचलो काका. गाडी वेळेवर होती. वाटेत काही झालं नाही.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग काका जोरात, बहुधा स्वयंपाकघराच्या दिशेनं, म्हणाले, “गो, ऐकलंस? वाटेत कायएक झाला नाय!” आणि ते इतक्या आनंदानं म्हणाले की मला प्रथमच आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे असं वाटलं.